बोट कोणत्या डेपोची?

घाबरले की चाचा शुद्ध मराठी बोलत.

एरवी त्यांची बोली आमच्या भोरचीच. 'म्या', 'न्हाई', 'लई', 'हितं'. पण एसटीत तीसेक वर्षं नोकरी झालेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं स्टँडवर कंट्रोलर म्हणून माईकसमोर. त्यामुळे दुसरी एक भाषा त्यांच्या गळ्यात कायमची बसली होती. त्यांच्या बायकोला, चाचींना, एकदा न्हाणीत विंचू चावला, तेव्हा हे गल्लीत येऊन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कृपया इकडे लक्ष द्यावे. आमच्या घरी विंचू निघालेला असून, ज्यांच्याकडे औषध असेल त्यांनी त्वरित संपर्क साधावा." गल्ली आधी हसली, मग धावली. चाची ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षं सांगत. मला मात्र त्या आवाजावर अजूनही हसता येत नाही. कारण ज्या वर्षाबद्दल मी सांगणार आहे, त्या वर्षी ते जवळजवळ रोज शुद्ध बोलत होते.

सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही. ते माझे दुकानमालक. दोन हजार दोन साल असेल. पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी भोरला परत आले आणि त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेऊन क्लास काढला. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट. सकाळी मुलं शिकायला येत, दुपारी कुणी बारावीचा निकाल बघायला, कुणी अर्ज भरायला. चाचा दहा वाजून दहा मिनिटांनी आतल्या दारातून येत. आधी मनगटावरच्या घड्याळात बघत, मग भिंतीवरच्या माझ्या घड्याळाकडे, आणि स्टुलावर चढून माझं घड्याळ मिनिटभर मागंपुढं करत. मग खुर्ची ओढून विचारत, "म्याडम, गाडी लागली का?"

म्हणजे इंटरनेट जोडलं का. फोन फिरवल्यावर मॉडेममधून जो किरकिराट येई, तो त्यांना फार आवडे. "इंजिन तापतंय," असं म्हणत ते कान लावून बसत.

इंटरनेट म्हणजे काय, हे मी त्यांना सुरुवातीला समजावलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे चौकशीची खिडकी. पन खिडकीत मानूस न्हाई."

"हो, तसंच."

"मग चुकीचं सांगितलं तर शिव्या कुनाला घालायच्या?"

मग त्यांनी खिडकीची परीक्षा घेतली. वेल्ह्याची सकाळची गाडी किती वाजता सुटते, ते विचारायला लावलं. अर्थातच काही मिळालं नाही. "वेल्ह्याची गाडी म्हाईत न्हाई आन् जगाचं सांगतंय," असं म्हणून ते उठून गेले आणि चार दिवस आलेच नाहीत.

गाड्यांबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "गाडी कदी हरवत न्हाई. गाडीची खबर हरवती." एका पावसाळ्यात वेल्ह्याकडे गेलेली गाडी दुपार झाली तरी परतली नव्हती. तिकडे फोन लागत नव्हते, स्टँडवर लोक रडकुंडीला आले होते. चाचा कुणाची तरी जीप पकडून स्वतः निघाले. वाटेत दरड पडलेली. हे तिच्यावरून चढून पलीकडे गेले, तर गाडी उभी आणि प्रवासी कुणाच्या तरी ओसरीवर भाजलेल्या शेंगा खात बसलेले. परत येऊन त्यांनी माईकवर एकेका प्रवाशाचं नाव घेऊन सांगितलं की माणूस सुखरूप आहे. ही हकिगत ते सांगत तेव्हा शेवटी नेहमी म्हणत, "बगा. गाडी जागच्या जागी व्हती."

त्यांचा मुलगा समीर बोटीवर होता. लग्नानंतर पंधरा वर्षांनी झालेला, एकुलता एक. आयटीआयला फिटरचा कोर्स करून तो मुंबईच्या एका एजंटामार्फत मालवाहू बोटीच्या इंजिनात मदतनीस म्हणून लागला होता. महिन्यातून एकदा फोन करी, मधूनमधून पत्र टाकी. चाचा तो फोन झाल्यावर माझ्याकडे येऊन सांगत, "आज मस्कत. फुडची फेरी कराची न्हाईतर जिबुती." जिबुती हा शब्द त्यांना नसरापूरइतका सवयीचा झाला होता.

मग एका पत्रात समीरनं लिहिलं, की बोट विकली गेली आहे. नव्या मालकानं बोटीला नवा रंग दिला, नवा झेंडा लावला, नावही बदलणार म्हणतात. नवं नाव पक्कं झालं की कळवतो. सोबत एक फोटो होता. बोटीच्या मागच्या कठड्याशी समीर आणि त्याचे दोन जोडीदार खांद्यावर हात टाकून उभे, त्यांच्या मागे पांढऱ्या दाढीचा एक माणूस हातात पळी घेऊन. आणि कोपऱ्यात काठीला लोंबणारा झेंडा. वारा नसावा. घड्या पडून तो काठीला चिकटला होता. वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा.

त्यानंतर फोन आला नाही. एक महिना, दोन, तीन.

चौथ्या महिन्यात चाचा मुंबईला जाऊन आले. एजंटाच्या ऑफिसच्या जागी चपलांचं दुकान झालं होतं. विचारत विचारत ते खलाशांचं काम बघणाऱ्या एका सरकारी कचेरीत पोचले. तिथले साहेब भले होते, त्यांनी ऐकून घेतलं. जुन्या नावाची बोट आता कागदावर नाही, नवं नाव माहीत नाही, तेव्हा शोधायचं कुठं, असं ते म्हणाले. मात्र एक वाट त्यांनी दाखवली. बोट ज्या देशाचा झेंडा लावते, त्या देशाच्या वहीत तिची नोंद असते. झेंडा कुठल्या देशाचा ते कळवा, आम्ही त्या देशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी चाचा आले. त्या दिवशी घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. फोटो माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"सदर बोट," ते म्हणाले, "कोणत्या डेपोची आहे, याची चौकशी करायची आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग ते भानावर आल्यासारखे बोलीवर आले. "म्याडम, एसटी कुटंबी असू द्या, अंगावर डेपोचं नाव लिवलेलं असतंय. बोटीचं तसंच हाय, त्यो झेंडा म्हंजे डेपो. एवडं मला हुडकून द्या."

जगातल्या सगळ्या देशांची माहिती देणारी एक साईट होती, इंग्रजीत. ए पासून झेडपर्यंत नावं. नावावर क्लिक केलं की आधी झेंडा, मग नकाशा आणि मग लांबच लांब माहिती. कुठे आहे, शेजार कुणाचा, समुद्रकिनारा किती, लोक कोण, पिकतं काय. आज मोबाईलवर बोट टेकवलं की दोनशे झेंडे एका दमात दिसतात. तेव्हा एकेक झेंडा वरून खाली पट्टीपट्टीनं उमटायचा, जसा कुणी वरून पडदा सोडतोय.

ते उमटणं बघत बसणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात जीवघेणं काम असेल. पहिली पट्टी लाल आली की चाचा पुढे झुकत. "लाल," ते हळूच म्हणत. "आता पिवळा येऊ दे." आणि पांढरा येई. किंवा निळा. किंवा लाईन सुटे आणि अर्धा लाल झेंडा तसाच लटकत राही. मग पुन्हा फोन फिरवायचा, पुन्हा तो किरकिराट. आता ते कान लावत नसत. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसत.

मी म्हटलं होतं, "चाचा, आपण फक्त झेंडे बघू, भराभर होईल." ते ऐकेनात. त्यांनी दोनशे पानी वही आणली होती आणि स्केचपेनांची पेटी. प्रत्येक देशाला अर्धं पान, तारीख, झेंड्याचं चित्र आणि मी वाचून सांगेन ती माहिती. "कंट्रोलरनं वाटंतला थांबा गाळायचा नसतोय," हे त्यांचं म्हणणं. कुठल्या तरी देशाची राजधानी, कुठे साखर पिकते, कुठे ज्वालामुखी आहे, हे सगळं ते लिहून घेत आणि मला आतून चिडायला होई. बाहेर निकाल बघायला आलेली मुलं ताटकळत. लाईन कधी सुटेल याचा नेम नाही. मी वाचता वाचता ओळी गाळायला लागले. त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत, अर्थ लागत नसे. त्यामुळे गाळलेलं त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटत होतं.

पहिल्याच आठवड्यात बी हे अक्षर आलं. एका देशावर क्लिक केलं. वर लाल उमटला. त्याच्या खाली पिवळा आला. ते खुर्चीतून अर्धे उठले. पिवळ्याच्या मध्यावर काहीतरी चिन्ह होतं, फोटोतल्या घडीत ते दिसलं नसतं. आणि खाली हिरवा.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच, म्याडम. नाव वाचा."

बोलिव्हिया. मी नकाशा उघडला, माहितीच्या पहिल्या ओळी वाचल्या आणि थांबले.

"चाचा, या देशाला समुद्रच नाही."

"न्हाई म्हंजे?"

"चारी बाजूंनी जमीन. किनारा शून्य, असं लिहिलंय."

ते नकाशाकडे बघत हळूहळू खाली बसले. समुद्र नसलेल्या देशाची बोट असेल कशी? ते पान बंद झालं आणि आम्ही पुढच्या देशाकडे वळलो.

जी या अक्षरावर घाना लागला. लाल, पिवळा, हिरवा, मध्ये काळा तारा. तारा घडीत लपला असेल, असं दोघांनी ठरवून टाकलं. या देशाला समुद्र होता, बंदरं होती. मुंबईच्या साहेबांना आम्ही घाना असं कळवलं आणि दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीलाही रजिस्टर पत्र टाकलं. ते पत्र चाचांनी सांगितलं आणि मी इंग्रजीत केलं. "सदर जहाज विलंबाने धावत असून," असं त्यांनी सुरू केलं आणि तिथंच थांबले. पुढचं मला सुचेल तसं मी लिहिलं.

उत्तराची वाट बघत असतानाही झेंडे चालूच राहिले. चाचांना रिकामं बसवेना. चाचींनी घरातला फोन ओढून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर आणून ठेवला होता. त्या शेजारीसुद्धा जाईनाशा झाल्या. मी आत पाणी प्यायला गेले की विचारत, "आज कुटवर पोचलात?" जणू आम्ही दोघं समीरकडेच निघालोय आणि रस्ता अक्षरांचा आहे. मी म्हणे, "आज के संपलं, चाची." त्या बोटांवर काहीतरी मोजत. एकदा त्या दुकानात आल्या, पडद्यावरच्या कुठल्याशा झेंड्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवडे देश हायती. एकालाबी म्हाईत न्हाई व्हय, माजं पोरगं कुटं हाय?"

चाचा त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "प्रवाशांनी धीर धरावा." चाची तोंडाला पदर लावून आत गेल्या.

साधारण महिन्यानं पत्र आलं. सभ्य, दोन ओळींचं. आपण वर्णन केलेली बोट आमच्या नोंदीत नाही. त्या दिवशी दुपारी चाचांनी वही मिटली, आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी दहा दहाला ते आले नाहीत. मी आत डोकावले तर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाची खुणेनंच म्हणाल्या, राहू दे.

त्यानंतर चारेक दिवसांनी चाचींनी त्यांना बळेबळेच सारोळ्याला धाडलं. नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाची बोलणी होती, घरातलं कुणीतरी जायला हवं होतं. त्याच दिवशी दुपारी, मी जेवणाचा डबा उघडत असताना, ते रस्त्याकडच्या दारातून आत आले. त्या दारातून ते कधीच येत नसत. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, एका पायात चप्पल नाही.

"गाडी लावा," ते म्हणाले. "आदी गाडी लावा, मग सांगतो."

मी फोन फिरवला आणि ते उभ्या उभ्या सांगू लागले. सारोळ्याला पुलाच्या अलीकडे ते परतीच्या एसटीची वाट बघत थांबले होते. चहाच्या हॉटेलापाशी एक ट्रक उभा. सवयीनं त्यांनी नंबर वाचला. नंबर नागालँडचा. एवढ्या लांबून आलाय बिचारा, म्हणून त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, किती दिवस लागले?

"त्यो हसाय लागला. म्हनला, कुटलं नागालँड चाचा, म्या सांगोल्याचा. मालक कोल्हापूरचा. ट्रक पुन्याच्या फुडं कदी गेला न्हाई. म्हनलं, मग नंबर? म्हनला, तिकडं टॅक्स कमी, नियम कमी, म्हनून पासिंग तिकडचं." ते माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून वाकले. "म्याडम, पासिंग! बोटीचंबी पासिंगच असनार. मालक येकीकडचा, बोट दुसरीकडं, झेंडा तिसरीकडचा. समुद्र कशाला लागतोय? नुसता कागुद लागतोय."

लाईन लागली. मी बोलिव्हिया उघडलं. लाल. पिवळा. हिरवा. या वेळी मी थांबले नाही. किनारा शून्य ही ओळ मागे टाकून मी खाली खाली गेले. लोक, भाषा, शेती, खाणी, रेल्वे, रस्ते. आणि रस्त्यांच्या खाली समुद्रावर फिरणाऱ्या व्यापारी जहाजांची नोंद होती. इतकी जहाजं. त्यातली काही परदेशी मालकांची, सोयीसाठी इथे नोंदवलेली, असंही लिहिलं होतं.

मी वाचून दाखवलं. चाचांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग ते आत गेले आणि चाचींना काहीतरी म्हणाले. चाचींचा हुंदका मला दुकानात ऐकू आला.

माझी नजर मात्र पडद्यावरून हटेना. ती नोंद काही आज आलेली नव्हती. पहिल्या आठवड्यात आम्ही हेच पान उघडलं होतं. तेव्हा अजून थोडं खाली गेलो असतो, तर पाच आठवडे आधी हे वाचलं असतं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. आधी मुलगा तर सापडू दे, असं मनाला समजावलं.

मुंबईच्या साहेबांनी शब्द पाळला. आम्ही बोलिव्हिया कळवल्यावर त्यांनी फॅक्स केले, दोन आठवड्यांत बोटीचं नवं नाव कळलं, जागाही कळली. आफ्रिकेच्या एका बंदराबाहेर ती नांगर टाकून उभी होती. मालक परागंदा झाला होता, बंदराचे पैसे थकले म्हणून कुणी तिला आत घेत नव्हतं आणि अकरा माणसं तिच्यावर अडकून पडली होती. वायरलेस बंद. तांदूळ संपत आलेला, पाणी पावसाचं. कचेरीनं तिथल्या लोकांना गाठून आधी पाण्याची आणि डॉक्टरची होडी पाठवली. माणसं सुटून घरी यायला त्यानंतर आणखी दीड महिना गेला.

समीर आला तेव्हा गल्लीनं त्याला ओळखलं नाही. गालफडं बसलेली, केस गेलेले. चाची त्याला दिवसातून पाच वेळा वाढत आणि तो प्रत्येक वेळी अर्ध्या भाकरीवर हात धुवे. चाचा पुन्हा बोलीवर आले. घड्याळ पुन्हा मागंपुढं व्हायला लागलं. मी म्हणायला लागले होते की संपलं एकदाचं.

मग एका सकाळी रत्नागिरीकडचे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, हातात कापडी पिशवी. बोटीवरच्या स्वयंपाक्याचे धाकटे भाऊ. फोटोत समीरच्या मागे पळी घेऊन उभा असलेला तो पांढऱ्या दाढीचा माणूस. तो फोटो मी शंभर वेळा तरी बघितला असेल. त्या माणसाकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं, मी झेंडा बघत होते.

चाचींनी मलाही आत चहाला बोलावलं. समीर जमिनीकडे बघत सांगत होता. चाचांना, म्हणजे स्वयंपाकी चाचांना, कावीळ झाली. पाणी खराब होतं. बरी होईल असं वाटलं, पण ताप उतरेना. शेवटी शेवटी आपल्या वाटणीचं पाणी ते आम्हा पोरांना देत. गेले तेव्हा बोटीवर पांढरं कापडसुद्धा धड नव्हतं.

"डाक्टर?" भावानं विचारलं.

"आला," समीर म्हणाला. "ते गेल्यावर नऊ दिसांनी आला."

मी कप खाली ठेवला. पाच आठवडे, आणि नऊ दिवस. हा हिशेब करायला कॉम्प्युटर लागत नाही. मी वर बघितलं तर चाचा माझ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते दहा दहाला आले. वही त्यांच्या काखेत होती. मुलं अजून यायची होती. मी उभी राहिले.

"चाचा, मला सांगायचंय. ते जहाजांचं पहिल्या दिवशीच त्या पानावर होतं. मी खाली गेले नाही. लाईन सुटेल म्हणून, कंटाळा आला म्हणून मी पान बंद केलं."

"तुमी न्हाई," ते म्हणाले. "म्या म्हनलो, समुद्र न्हाई तर चला फुडं."

"नाही. तुम्ही गप्प होतात. मीच बंद केलं."

"म्या म्हनलो."

"चाचा, मला नीट आठवतंय."

त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. बोलिव्हियाचं अर्धं पान. तारीख, लाल-पिवळा-हिरवा रंगवलेला चौकोन आणि त्याखाली त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन शब्दांच्या दोनच ओळी. 'समुद्र नाही. फेरी रद्द.'

"ह्ये अक्षर कुनाचं हाय?"

"मी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलंत."

"फेरी रद्द कंट्रोलर करतोय," ते म्हणाले. "डायवर न्हाई, कंडक्टर न्हाई. सही ज्याची, त्याचं काम. बाकीच्या पानांवर बग पोरी, म्या तुला सगळं वाचाय लावलंय. तू वळी गाळायचीस ते मला कळत व्हतं. पडदा भरून इंग्रजी आन् तू सांगायची येक वाक्य. तवा म्या टोकायचो, परत वाचाय लावायचो. त्या दिवशी टोकलं न्हाई. समुद्र न्हाई म्हनल्यावर माजंच डोकं बंद पडलं."

ते पहिल्यांदाच मला 'पोरी' आणि 'तू' म्हणत होते. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग वही मिटून म्हणाले, "उद्या म्या रत्नांग्रीला चाललोय. त्यास्नी सांगून येतो. काल त्यो मानूस आपल्या घरात बसून समीरचे हात हातात घिऊन गेला, म्हनला तुमच्यामुळं बाकीची पोरं वाचली. त्याला खरं म्हाईत नगो?"

"मीही येते."

"तू दुकान उगड."

"चाचा, मी येणार."

"न्हाई म्हनलं न्हवं." आवाज चढला नव्हता, तरी मी पुन्हा हट्ट धरला नाही. मी गेले नाही. ती गोष्ट मला त्या न वाचलेल्या ओळींपेक्षा जास्त टोचते. त्यांनी नको म्हटल्यावर मला आतून हलकं वाटलं होतं, हे मला माहीत आहे.

ते समीरला घेऊन गेले. चाचींना एवढंच सांगितलं होतं, की मयताच्या घरी भेटून येतो. दोन दिवस मी क्लासमध्ये मुलांना काय शिकवलं ते मलाच आठवत नाही. तिथे काय झालं असेल? त्यांना कुणी काही बोललं असेल का? हात उगारला असेल का? ते साठीच्या पुढचे, आणि असं काही सांगायला परक्या गावात, त्या घरात. माझ्या वाट्याचं सांगायला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतलं दार उघडलं. चाचा येऊन खुर्चीवर बसले. प्रवासानं चेहरा उतरला होता. मी विचारायचं धाडस गोळा करत होते, तेवढ्यात मागून समीर आला आणि हळूच म्हणाला, "अब्बांनी सगळं सांगितलं तिथं. पानाचं, वहीचं, पाच आठवड्यांचं. तुमचं नाव नाही घेतलं."

"काय म्हणाले ते लोक?" मी चाचांना विचारलं.

त्यांनी समीरला खुणेनं आत पाठवलं. बाहेरून एक रिक्षा गेली.

"त्या भावाची भावजय, मयताची बायकू, दाराआड बसली व्हती. तिनं समदं आयकलं," ते म्हणाले. "आत गेली. म्या उटाय लागलो, तर बाहीर यिऊन म्हनली, बसा. ताट घिऊन आली. मच्छीचं कालवन, भात. म्हनली, लांबनं आलायसा, जेवल्याबिगर जायाचं न्हाई."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले. मग एखादा गुन्हा कबूल करावा तसं, खाली बघून म्हणाले,

"म्या जेवलो."